सीमेवरचा फलाट आणि नागरिकत्वाची शाळा

नवापूरच्या रेल्वे स्थानकाची कथा आता बहुतेकांना ठाऊक झाली आहे. सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या तापी खोऱ्यातील लोहमार्गावर हे स्थानक आहे आणि त्याच्या फलाटाला दोन राज्यांची हद्द आडवी छेदून गेली आहे. सुमारे ८०० मीटर लांबीच्या या फलाटाचा ३०० मीटरांच्या आसपासचा भाग महाराष्ट्रात, तर उरलेला गुजरातेत आहे. तिकीट महाराष्ट्रात काढायचे आणि स्थानकप्रमुखांना भेटायचे तर गुजरातेत जायचे, असा तो प्रकार! प्रवासी मोठ्या हौसेने तेथील बाकावर बसतात आणि अर्धे अंग एका राज्यात व अर्धे दुसऱ्या राज्यात ठेवून छायाचित्र काढून घेतात.

परंतु नवापूर तालुक्यातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला त्या रेषेची गंमत वाटत नाही. त्याच्या आईचे माहेर पलीकडच्या उच्छल तालुक्यात असते. अलीकडे ज्याला गावित म्हणतात, त्यालाच पलीकडे गामीत म्हणतात. बोली एक, देव एक, लग्नातील ढोल एक. मग ही रेघ कोणी ओढली? १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे द्विभाजन होऊन महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये निर्माण झाली, हे उत्तर त्याने शाळेत पाठ केलेले असते. पण कोणी, कोणाला विचारून, कशासाठी हे ठरवले आणि असे काही ठरवताना आपल्यासारख्याचे म्हणणे कोठे मांडता येते, हा त्याचा खरा प्रश्न आहे. ज्या विषयाने हा प्रश्न सोडवायचा, त्याला आपण नागरिकशास्त्र म्हणतो आणि इतिहासाच्या पुस्तकाला त्याचे शेपूट जोडून मोकळे होतो.

नागरिकत्व पुस्तकातून शिकवता येते काय? की पोहणे जसे पाण्यातच शिकावे लागते, तसे नागरिकत्वही जबाबदारी अंगावर घेऊनच शिकावे लागते? हा वाद नवा नाही. खानदेशच्या भूमीने त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीपासून अनेक वेळा दिले आहे. ते उत्तर आपण विसरलो आहोत, म्हणून त्या इतिहासाची ही उजळणी.

अमळनेरचे छात्रालय

१९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचे चोवीस वर्षांचे तरुण शिक्षक अमळनेरच्या शाळेत रुजू झाले. ही शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. काही काळाने तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. छात्रालय म्हटले की नियमांची पाटी, घंटा आणि शिक्षा हे त्या काळी ठरलेलेच होते. सानेगुरुजींनी दुसरी वाट धरली. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या, तर ते न बोलता स्वतःच झाडू लागत, सामान नीट लावून ठेवत. दोन-चार दिवसांत मुलांनाच संकोच वाटे आणि झाडू त्यांच्या हाती जाई.

याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी चालवलेले ‘छात्रालय दैनिक’. हस्तलिखित, एकाच प्रतीचे हे वृत्तपत्र रोज मुलांच्या डोळ्यांसमोर येई. त्यात छात्रालयातील घडामोडींबरोबर देशातील आणि जगातील घडामोडीही असत. आपल्या घराबाहेरचे जग आपल्याशी संबंधित आहे, त्याविषयी आपले मत असले पाहिजे आणि ते सभ्य भाषेत मांडता आले पाहिजे, हा धडा त्या पानांनी दिला. गुरुजींनी पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढले. १९३० साली नोकरीचा त्याग करून ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. हा सारा जीवनक्रम सर्वांना परिचित आहे. परंतु या सर्वाचे बीज छात्रालयाच्या त्या हस्तलिखित पानात होते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. तंबू, पाणी, स्वच्छता, वाटा, स्वयंपाक अशी एका नगराची व्यवस्था त्या गावाने उभी केली. तिच्यासाठी सानेगुरुजींनी गावोगाव पायपीट केली. खानदेशातील कितीतरी मुलांनी ‘सार्वजनिक काम’ या शब्दाचा अर्थ तेथे घामासह अनुभवला. सभेत भाषण ऐकणारा आणि सभेसाठी खड्डे खणणारा यांच्या शिक्षणात फरक असतो.

सेवादलाची शाखा

मुलांना शिस्त, सेवा आणि नेतृत्व शिकवण्याची स्काऊट चळवळ १९०९ साली भारतात आली, पण प्रारंभी तिचे दार युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच उघडे होते. पुढे ॲनी बेझंट यांनी १९१६ साली भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. १९२३ साली डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी हिंदुस्थानी सेवादल उभारले. याच परंपरेतून ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दल नव्या स्वरूपात उभे राहिले. एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख झाले.

सेवादलाची शाखा हे काय प्रकरण होते? संध्याकाळी मैदानावर मुले-मुली जमत. थोडी कवायत, थोडे खेळ, समूहगान आणि मग चर्चा. वरवर पाहता यात विशेष काही नाही. विशेष होते ते दोन गोष्टींत. एक म्हणजे या वर्तुळात जातीची विचारपूस नव्हती. ब्राह्मण, मराठा, दलित, मुसलमान मुले एकाच रांगेत उभी राहत आणि एकाच पंगतीला बसत. ज्या काळी गावच्या विहिरी वेगळ्या होत्या, त्या काळी हे साधे बसणे-उठणे हाच क्रांतीचा पाठ होता. दुसरी गोष्ट म्हणजे शाखा चालवणारा शाखानायक हा स्वतःच किशोर किंवा नवतरुण असे. मुलांना वेळेवर जमवणे, भांडण मिटवणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे, शिबिराला जाणाऱ्यांच्या पालकांना समजावणे ही कामे त्यालाच करावी लागत. पुढाऱ्याचे भाषण ऐकून पुढारी होता येत नाही, पण वीस मुलांना रोज संध्याकाळी एकत्र टिकवून ठेवता आले, तर माणसे ओळखण्याची विद्या आपोआप येते.

१९४७ च्या प्रारंभी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून सानेगुरुजी महाराष्ट्रभर हिंडले, तेव्हा सेवादलाची मुले त्यांच्या सोबत होती. १ मे १९४७ ला गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभले आणि १० मे रोजी मंदिराची दारे खुली करण्याच्या निर्णयानंतर ते सोडले. सेवादलाच्या कलापथकाने पोवाडे व लोकनाट्ये गावोगाव नेली. वसंत बापट, निळू फुले, राम नगरकर ही पुढे नामवंत झालेली मंडळी त्याच मुशीतून आली. मृणाल गोरे यांच्यासारख्या नेत्यांचा सार्वजनिक जीवनातील प्रवेशही सेवादलातूनच झाला.

नंदुरबारचा चौक

सेवादलाला वर्ष-सव्वा वर्ष होते न होते, तोच बेचाळीसचे आंदोलन पेटले. नवापूर आणि नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. (नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला.) ९ ऑगस्टला देशातील नेते पकडले गेले आणि आंदोलन आपोआपच गावोगावच्या मुलांच्या हाती आले. बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारमध्ये मिरवणूक निघाली. तिच्यात शाळकरी मुले-मुली होती. पोलिसांनी मिरवणूक अडवली. मुलींच्या दिशेने बंदूक रोखली गेली, तेव्हा शिरीषकुमार मेहता पुढे झाला आणि त्याने छातीवर गोळ्या झेलल्या, अशी आठवण नंदुरबारमध्ये आजही सांगितली जाते. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. म्हणजे त्या दिवशी त्याला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही धारातीर्थी पडले.

नंदुरबारने या बालहुतात्म्यांचे स्मारक उभारले आणि दरवर्षी त्यांना मानवंदना दिली जाते. ते योग्यच आहे. परंतु या स्मरणात एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. आपण त्या मुलांचे मरण आठवतो आणि त्या आधीचे जगणे विसरतो. मिरवणुकीच्या त्या दिवसापूर्वी प्रभातफेऱ्या झाल्या होत्या, घोषणा पाठ झाल्या होत्या. कोणी पुढे चालायचे, ध्वज कोणी धरायचा हे ठरवावे लागले होते. त्या मुलांची खरी नागरिकशाळा तीच होती. मुलांना गोळीसमोर उभे करणे ही कोणत्याही शहाण्या समाजाची अभ्यासयोजना असू शकत नाही. ती वेळ येऊ नये म्हणूनच तर त्यांना जबाबदारीची तालीम द्यायची. ती तालीम मरणाची नसावी, जगण्याची असावी.

त्याच १९४२ साली नंदुरबारपासून हजारो मैलांवर पोलंडच्या वॉर्सा शहरात एक वेगळे पर्व संपत होते. यानुश कोर्चाक या डॉक्टरांनी १९१२ साली तेथे ज्यू अनाथ मुलांसाठी घर उभारले होते. त्या घरात मुलांचे स्वतःचे न्यायालय होते, स्वतःची संसद होती. न्यायाधीश मुलेच असत आणि चुकणाऱ्याला शक्यतो क्षमा करावी, हे त्या न्यायालयाच्या संहितेचे मूळ तत्त्व होते. खुद्द कोर्चाक यांनाही त्या न्यायालयासमोर उभे राहावे लागले होते. जुलै १९४२ मध्ये, नाझींनी कोंडून घातलेल्या वस्तीत, त्यांनी मुलांकडून रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ हे नाटक बसवून घेतले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलांसह त्यांना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीकडे नेण्यात आले. स्वतःचा जीव वाचवण्याची संधी असूनही त्यांनी मुलांची साथ सोडली नाही. नंदुरबारचा शिरीषकुमार आणि वॉर्साची ती मुले यांना एकमेकांची वार्ताही नव्हती. पण मुलाला आज माणूस म्हणून वागवा, उद्या तो चांगला नागरिक होईल अशी वाट पाहत बसू नका, ही कोर्चाक यांची शिकवण दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

आपल्या वाचकांना योसेफ कार्डाइन यांचे नाव परके नाही. बेल्जियममधील या धर्मगुरूंनी १९२५ साली तरुण कामगारांची संघटना बांधली आणि ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही त्रिसूत्री दिली. १९६१ साली पोप तेविसावे योहान यांनी आपल्या परिपत्रकात तिचा पुरस्कार केला. अमळनेर, पुणे, वॉर्सा आणि ब्रसेल्स यांचे मार्ग निराळे होते. तरी किशोरांना उपदेश न करता त्यांच्यापुढे परिस्थिती ठेवा आणि हाती काम द्या, या निष्कर्षावर ते सारे येऊन पोहोचले.

स्वातंत्र्यानंतरची शिस्त

स्वातंत्र्यानंतर या कामाची जबाबदारी राज्यसंस्थेने उचलली. १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना आली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काऊट संघटनांचे एकीकरण झाले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत आणि ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. शाळांमधून ‘शालेय मंत्रिमंडळ’ आले: कोणी आरोग्यमंत्री, कोणी क्रीडामंत्री, कोणी सहलमंत्री.

यातून पुष्कळ चांगले झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुष्काळात, भूकंपात, महापुरात सेवा योजनेच्या मुलांनी केलेले काम मोलाचे आहे. परंतु हळूहळू साचा उरला आणि आशय ओसरला. मंत्रिमंडळाची निवड गुरुजींनी करायची, मंत्र्याने फळा पुसायचा आणि प्रजासत्ताकदिनी संचलनात पुढे चालायचे. मुख्याध्यापकांना न आवडणारा एकही ठराव ज्या मंत्रिमंडळात मांडता येत नाही, त्यातून आज्ञाधारकपणा शिकता येईल, लोकशाही शिकता येणार नाही. संचलनाची रांग सरळ असणे हे शिस्तीचे लक्षण खरे, पण लोकशाहीत रांग सोडून ‘मला हे पटत नाही’ असे शांतपणे सांगणाऱ्याचीही गरज असते.

नंदुरबारच्या डोंगराळ पट्ट्यात मात्र जुना धागा तुटला नव्हता. १९७० नंतर शहादा भागात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी शेतमजूर संघटित झाले आणि १९७२ साली श्रमिक संघटना आकाराला आली. तिची शिबिरे हे एक लोकविद्यापीठच होते. जमिनीचा सातबारा कसा वाचावा, मजुरीचा कायदा काय सांगतो, सावकाराचा हिशेब कसा तपासावा, हे तेथे अक्षरशत्रू बापांच्या शेजारी बसून त्यांची तरुण मुले शिकली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी नर्मदेच्या काठी अक्कलकुवा आणि अक्राणी भागात, जी गावे बुडणार होती तेथेच, नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा सुरू झाल्या. ‘लढाई-पढाई साथ-साथ’ हे त्यांचे ब्रीद. आपले गाव का बुडते आहे, पुनर्वसन म्हणजे काय, अर्ज कोणाकडे करायचा, हाच तेथील नागरिकशास्त्राचा अभ्यासक्रम होता. धरणाविषयी कोणाचे काहीही मत असो, त्या मुलांना राज्यघटना कोरडी वाटली नसेल, हे निश्चित.

ग्रामसभेची घंटा

आता पुन्हा नवापूरकडे वळू. गेल्या साडेतीन दशकांत कायद्याने सामान्य माणसाच्या हाती जितकी सत्ता दिली, तितकी पूर्वी कधी दिली नव्हती. १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. २४ डिसेंबर १९९६ रोजी अनुसूचित क्षेत्रांसाठी पंचायत विस्तार कायदा आला. ज्याला आपण ‘पेसा’ म्हणतो, तो हाच. योगायोग असा की २४ डिसेंबर हा सानेगुरुजींचा जन्मदिवस. २००६ साली वनहक्क कायदा झाला आणि २०१४ साली महाराष्ट्राने पेसाचे नियम केले. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. म्हणजे येथील ग्रामसभेला गौण वनोपज, मद्यविक्री, जमिनीचे हस्तांतरण, विकासकामांचा निधी यांविषयी बोलण्याचा, काही बाबतींत निर्णय घेण्याचा अधिकार आहे. पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते.

कायदा इतके देतो. घेणारा हात कोठे आहे? ग्रामसभेची नोटीस प्रमाण मराठीत निघते. ‘इतिवृत्त’, ‘गणपूर्ती’, ‘अबंध निधी’ हे शब्द मावची किंवा गावित बोली बोलणाऱ्या आजोबांना परके आहेत. घरात ती नोटीस वाचू शकणारा पहिला माणूस पुष्कळदा नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी असते. तीच त्या घराची वाचक, दुभाषी आणि लेखनिक. खरे पाहता नेतृत्वाची याहून मोठी शाळा कोणती?

परंतु नेमकी तीच गावात नसते. ती आश्रमशाळेत असते. ग्रामसभा प्रजासत्ताकदिनी, स्वातंत्र्यदिनी आणि गांधीजयंतीला भरवण्याचा प्रघात आहे. त्याच दिवशी, त्याच वेळी, ती आश्रमशाळेच्या मैदानात ध्वजाला वंदन करीत असते. गावात लोकशाही चाललेली असते आणि ती शिकणारी मुले लोकशाहीचा उत्सव साजरा करण्यात गुंतलेली असतात! अनेक कुटुंबे तर पाऊस सरताच ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि मुलेही सोबत जातात. अशी मुलगी अठरा वर्षांची होऊन ग्रामसभेत पहिल्यांदा बसते, तेव्हा तिने एकही सभा पाहिलेली नसते, ठराव लिहिलेला नसतो, हिशेब विचारलेला नसतो. ती मागच्या रांगेत गप्प बसते आणि कागदावर सही करते. पेसाची सत्ता अशा एका सहीत विरून जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने मुलांना स्वतःविषयीच्या बाबतींत मत मांडण्याचा हक्क दिला आणि भारताने ती १९९२ साली मान्य केली. मतदानाचा हक्क अठराव्या वर्षी, पण मत मांडण्याचा हक्क त्याआधीच, असा याचा अर्थ. त्यासाठी मोठ्या योजनेची किंवा अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामसभेचा आणखी एक दिवस आहे, १ मे. तेव्हा परीक्षा आटोपलेल्या असतात आणि मुले गावाकडे परतू लागलेली असतात. त्या दिवशी तेरा ते सतरा वयाच्या मुलामुलींना ग्रामसभेत एका बाजूला मानाने बसवावे. मागील सभेचे इतिवृत्त त्यांनी आधी मराठीत आणि मग बोलीत वाचून दाखवावे. हातपंप किती चालू, किती बंद, अंगणवाडीत किती मुले, वनहक्काचे किती दावे प्रलंबित, याची मोजदाद त्यांनी आठ दिवस आधी करावी आणि सभेपुढे ठेवावी. शेजारच्या गुजरातेत नर्मदा जिल्ह्यातील खेड्यांत वनहक्काच्या जमिनी गावच्याच तरुणांनी उपग्रहाच्या साह्याने मोजल्या आहेत. तेव्हा हे अशक्य म्हणता येणार नाही. मत त्यांना नसेल. पण मत देणाऱ्यांसमोर वस्तुस्थिती मांडण्याचे काम त्यांचे असेल आणि त्याचे उत्तर सरपंचांना द्यावे लागेल.

शाळांनीही आपली मंत्रिमंडळे खरी करावीत. निवडणूक मुलांनी घ्यावी, भोजनाच्या हिशेबाची वही मुलांना पाहता यावी, चुकणाऱ्याचा न्याय मुलांनीच करावा आणि त्यात क्षमेला जागा असावी. अमळनेरच्या छात्रालयासारखे एक हस्तलिखित दैनिक काढायला कागद आणि शाई याखेरीज काय लागते? ते दोन भाषांत निघाले, तर अधिकच चांगले.

१ मे १९६० ला आखलेली रेघ नवापूरच्या फलाटावर आजही आहे. ती आखताना येथील पाड्यांना कोणी विचारले नाही, कारण तेव्हा विचारायची रीत नव्हती. आज विचारण्याची रीत कायद्याने घातली आहे. पुढची रेघ जेव्हा आखली जाईल, मग ती धरणाची असो, रस्त्याची असो की जंगलाची, तेव्हा नवापूरच्या मुलीला उभे राहून ‘आमचे म्हणणे ऐका’ असे सांगता आले पाहिजे. तसे सांगण्याची सवय तिला पंधराव्या वर्षीच लागली पाहिजे. शिरीषकुमारच्या वयाच्या मुलांकडून आज आपण प्राण मागत नाही. त्यांच्या हाती इतिवृत्ताची वही देण्याइतका विश्वास तरी आपण दाखवणार आहोत काय?